घणाऐवजी हवा

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची ‘मास्टर स्मिथ’ ही पदवी मिळवायची, तर उमेदवाराला दमास्कस पोलादाचे पाते स्वतः घडवून परीक्षेला न्यावे लागते. त्यात किमान 300 थर हवेत. टांगलेला इंचभर जाडीचा दोर त्याने एका फटक्यात तुटला पाहिजे. मग लाकडाची जाड फळी दोनदा तोडूनही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी व्हाइसमध्ये धरून 90 अंशांत वाकवले, तरी पात्याचे दोन तुकडे होता कामा नयेत.

हे 300 थर येतात कुठून? साधे कार्बन पोलाद आणि निकेल मिसळलेले पोलाद यांच्या 11 पट्ट्या एकाआड एक रचायच्या, भट्टीत पिवळ्याधमक तापवायच्या, टाकणखार टाकून ठोकायच्या आणि त्यांचा एकच ठोकळा करायचा. मग तो ठोकून लांबवायचा, कापायचा, एकावर एक ठेवून पुन्हा जोडायचा. अशा पाच घड्यांत 11 चे 352 थर होतात. कागदावर हा साधा गुणाकार आहे, ऐरणीवर मात्र दर घडीला तो जाड ठोकळा दुप्पट लांब करावा लागतो. एकट्या माणसाने हातोड्याने हे करायचे म्हणजे खांदा आणि कोपर दोन्ही पणाला लावणे.

पूर्वी लोहार हे काम एकटा करतच नसे. महाराष्ट्रात रस्त्याकडेला पाल ठोकून विळे, कुऱ्हाडी घडवणाऱ्या घिसाडी कुटुंबांत आजही पुरुष सांडशीने लोखंड फिरवतो, हातोडीने घावाची जागा दाखवतो आणि बाई त्या जागी घण घालते. अमेरिकन सुरीकारागीर बिल मोरान यांनी 1973 साली दमास्कसची पाती प्रदर्शनात मांडली, 1976 साली ही सोसायटी उभी राहिली आणि अमेरिकेत घरामागच्या शेडमध्ये सुऱ्या घडवणाऱ्यांची पिढी तयार झाली. या कारागिरांपाशी घण घालणारे दुसरे माणूस नव्हते. त्यांतल्या अनेकांकडे ती जागा आता छोट्या एअर हॅमरने घेतली आहे.

या यंत्राची रचना पाहण्यासारखी आहे. एकाच सांगाड्यात दोन सिलिंडर असतात. मोटर क्रँक फिरवते, क्रँक पहिल्या सिलिंडरातला दट्ट्या वरखाली करतो आणि त्याने दाबलेली हवा दुसऱ्या सिलिंडरातल्या रॅमला, म्हणजे घाव घालणाऱ्या जड दांड्याला, कधी वरून, कधी खालून ढकलते. क्रँकचा एक फेरा म्हणजे एक घाव. लहान हॅमर मिनिटाला साधारण 200 ते 250 घाव घालतो. पायाखालची पट्टी किती दाबली यावर घावांची संख्या ठरत नाही, जोर ठरतो. पाय उचलला की रॅम वर थांबतो.

खरी कदर करावी ती या ताब्याची. जेम्स नास्मिथ यांनी 1839 साली वाफेच्या हॅमरचा आराखडा काढला आणि 1842 साली त्याचे पेटंट घेतले. काचेच्या पेल्यात अंडे ठेवून, पेल्याला धक्का न लावता त्याचे फक्त कवच फोडून दाखवणे हे त्या अजस्र यंत्राचे गाजलेले प्रात्यक्षिक होते. वाफेची जागा हवेने घेतली आणि आकार आक्रसला, तरी तो नाजूकपणा टिकला. चीनमधल्या आनयांग शहराच्या नावाने विकला जाणारा एक लहान हॅमर 33 पौंडांचा, म्हणजे रॅमचे वजन जेमतेम 15 किलो. त्याला दोन अश्वशक्तीच्या आसपासची मोटर पुरते. स्वतंत्र कॉम्प्रेसरवर चालणारा प्रकारही आहे. रॉन किन्यन यांच्या आराखड्यांवरून कित्येकांनी तो स्वतःच जुळवला. मात्र त्याला मोठा कॉम्प्रेसर लागतो, आणि लहान शेडमध्ये तेवढी जागा काढणे अवघड.

जुन्या स्प्रिंग हॅमरच्या घावाचा पल्ला ठरलेला असतो. ठोकळ्याची जाडी बदलली की तो नीट बसवून घ्यावा लागतो. हवेच्या हॅमरात रॅम हवेच्या गादीवर खेळतो, म्हणून तीन इंचांचा ठोकळा असो की पाव इंचाची पट्टी, घाव बसतोच. दमास्कसच्या कामात ही मोठी सोय आहे, कारण एकाच बैठकीत ठोकळा सतत पातळ होत जातो.

वेग वाचवतो ती मुख्यतः उष्णता. ठोकळा जितक्या वेळा भट्टीत जातो, तितकी त्यावर खपली धरते, पृष्ठभागावरचा कार्बन कमी होतो आणि पोलादाचा कण भरड होत जातो. भट्टीच्या फेऱ्या कमी झाल्या की हे सगळेच घटते.

रॅमचे वजन पाहून भुलू नये. खालची ऐरण रॅमच्या किमान दहापट जड हवी, पंधरा-वीसपट असेल तर उत्तम. नाहीतर घावाचा जोर पोलादात मुरण्याऐवजी जमिनीत जातो. शेजारी नाराज होतात तेही याच हादऱ्याने, म्हणून काँक्रीटच्या पायात आणि हॅमरच्या बैठकीत लाकडाचा किंवा रबराचा थर घालतात. ठोकळ्याला थेट टेकणारा भाग, म्हणजे डाय, पाचरीने घट्ट बसवलेला असतो. ती पाचर रोज तपासावी लागते, कारण सैल पाचर बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा यांत तडजोड चालत नाही. खाचा पाडायचे हत्यार डायखाली धरताना त्याची मूठ पोटासमोर नको, बाजूला हवी.

टोक काढणे आणि धारेकडचा उतार घडवणे अनेक कारागीर अजूनही हातोड्यानेच करतात. पातळ धार झटकन निवते, आणि निवलेल्या पोलादावर दोन घाव जास्त पडले तर चीर जाते. पाय कितीही सरावलेला असला, तरी त्या क्षणी हाताने मारलेला घाव जास्त विश्वासाचा.

हॅमरला पर्याय असलेली हायड्रॉलिक प्रेस फारसा आवाज करत नाही, हादरे देत नाही आणि थर जोडताना जाड ठोकळा गाभ्यापर्यंत दाबते. पण तिचे डाय पोलादाला बराच वेळ चिकटून राहतात आणि उष्णता ओढून घेतात, त्यामुळे पातळ पट्टी लांबवण्यात ती मागे पडते. दोन्ही यंत्रे ठेवता आली तर उत्तमच. एकच घ्यायचे असेल आणि भिंतीपलीकडे कुणी राहत असेल, तर प्रेस घ्यावी. शेड मोकळ्या माळावर असेल, तर हॅमर.