पडदे खरवडण्याआधी

विच्छेदनगृहात मानेची पाळी येते तेव्हा टेबलाभोवतीची घाई वाढते. हनुवटीपासून छातीच्या हाडापर्यंत मधोमध एक काप, गळपट्टीच्या हाडावरून दुसरा, आणि कातडी बाहेरच्या बाजूला उलटायची. काप केसभर खोल गेला तरी प्लॅटिस्मा हा कागदासारखा स्नायू कातडीलाच चिकटून निघून येतो. तो नीट सुटला की कानामागून छातीकडे तिरका उतरणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड दिसतो, पण पांढुरक्या पडद्याआडून. मग सुरू होते ‘साफ करणे’. तो पडदा, म्हणजे फॅशिया, चिमट्याने ओढून काढतात, आणि स्नायूचा तंतू न् तंतू उघडा पडला की काम चांगले झाले असे मानतात. माझ्या मते बादलीत जाणारा हा पडदाच मानेची रचना सांगत असतो. स्नायू आणि नसा त्याच्या आधाराने वाचायच्या असतात.

थायरॉइडची गाठ तपासताना डॉक्टर रुग्णाला घोटभर पाणी गिळायला लावतात. गाठ वरखाली हलते, कारण थायरॉइडला वेढणारा पडदा स्वरयंत्राला जखडलेला असतो. मोठी रोहिणी, मोठी नीला आणि व्हेगस नस एकाच म्यानात उतरतात. त्या म्यानाच्या पुढच्या भिंतीवरच अन्सा सर्व्हायकॅलिस ही नसांची नाजूक कमान असते. म्यान खरवडले की कमान गेलीच. सर्वांत बिकट अवस्था ॲक्सेसरी नसेची. मानेच्या बाजूच्या त्रिकोणात ती वरच्या पडद्याखाली, चरबीत, दोऱ्यासारखी तिरकी जाते. तपासणीसाठी तिथली एखादी लहानशी गाठ काढतानाही ती दुखावू शकते. मग खांदा खाली ओघळतो आणि केस विंचरायला हात वर नेणेही जड जाते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: फॉर्मॅलिनने ऊती घट्ट होतात, आणि हे ‘थर’ बरेचसे विच्छेदकाच्या पात्यानेच घडवलेले असतात. त्यात तथ्य आहे. पुस्तकातल्या आकृतीइतका रेखीव पडदा प्रत्यक्षात क्वचितच मिळतो. कुठे तो जाड असतो, कुठे नुसते जाळे. पण त्याची खरी कसोटी जिवंत मानेवर झालेली आहे. जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेतून जी मूलगामी पद्धत रूढ झाली, तिच्यात लसीकाग्रंथींबरोबर तो मोठा स्नायू, मोठी नीला आणि ॲक्सेसरी नसही काढली जाई. अर्जेंटिनाचे ओस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ मध्ये दाखवले की ग्रंथी आणि चरबी पडद्यांच्या कप्प्यांत असते. पडदे सोलले तर हे तिन्ही अवयव वाचवून ग्रंथी काढता येतात. थर निव्वळ पात्याची निर्मिती असते तर हे जमलेच नसते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तोंडाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असताना, मानेत गाठ लागत नसतानाही तिथल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते; गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे ज्यांच्या मानेत हाताला काहीच लागत नाही, अशांच्याही माना उघडाव्या लागणार, आणि त्यांना त्यानंतर खांद्याने कामही करायचे असणार.

अभ्यासक्रमाला वेळ नाही, हा दुसरा आक्षेप. पण पाते बाजूला ठेवून बंद चिमटा थरात घालायचा, हळूच उघडायचा, आणि चरबी फाकताना काय आडवे येते ते पाहायचे, याला थोडीच मिनिटे जास्त लागतात. तेवढ्यात त्या त्रिकोणातला दोरा तुटण्याआधी दिसतो.