गाडीचा पिवळा दिवा काय सांगतो?



आपल्या गटांच्या बैठकीत अंतर्गत कर्ज मागताना 'गाडी दुरुस्ती' हे कारण हल्ली वारंवार ऐकू येते. दूध पोचवणे, बाजाराला जाणे, पोरीला कॉलेजात सोडणे, सारे गाडीवर. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. म्हणून आज आपण गाडीचा बिघाड घरीच कसा ओळखायचा ते समजून घेऊ.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. आधी बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर असायचा. मिस्त्री स्क्रू फिरवून पेट्रोल-हवेचे प्रमाण जुळवायचा. आता ते काम गाडीतला छोटा संगणक करतो. इंजिन किती तापले, हवा किती आली, हे सेन्सर त्याला कळवतात. त्यानुसार इंजेक्टर मोजून पेट्रोल फवारतो. काही चुकले की मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. चावी फिरवल्यावर तो लागणे ठीकच आहे, पण इंजिन सुरू झाल्यावरही विझला नाही, तर बिघाड समजावा.

आधी बिनपैशाची तपासणी करू. चावी फिरवा आणि कान द्या. टाकीकडून सेकंद-दोन सेकंद 'घूं' असा आवाज आला, तर पेट्रोल पंप चालतो आहे. आवाजच नसेल तर फ्यूज आणि बॅटरी पाहा. सीटखालच्या वायरी उंदराने कुरतडल्या का, तेही बघा. घरात कापूस-धान्य असले की उंदीर आलेच.

दुसरे साधन म्हणजे मल्टिमीटर, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती उतरली आहे. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास आकडा यायला हवा. तो वाढलाच नाही, तर चार्जिंगमध्ये दोष आहे. अशा वेळी नवी बॅटरी घेऊनही ती पुन्हा उतरेल.

तिसरे साधन स्कॅनर. तो ब्लूटूथने मोबाईलला जोडतात. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत सीटखाली सहा पिनांचे सॉकेट असते आणि साधा स्कॅनर सोळा पिनांचा, म्हणून मधे जोडवायर लागते. प्रत्येक स्कॅनर प्रत्येक गाडीशी बोलत नाही, तेव्हा आपल्या मॉडेलला चालतो का हे विचारूनच घ्या. एकटीने घेण्यापेक्षा गटाने एक घेतला तर सगळ्यांच्या कामी येतो. काही गाड्यांत स्कॅनरही लागत नाही. दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात असतो.

स्कॅनरवर पी०१२२ असा कोड दिसला, तर थ्रॉटलच्या सेन्सरकडून येणारा सिग्नल कमी आहे. याचा अर्थ सेन्सरच गेला असे नव्हे. वायर तुटली असेल, प्लग ढिला असेल किंवा पावसाने गंजला असेल. कोड फक्त जागा दाखवतो, कारण आपल्याला शोधावे लागते. म्हणून कोड आधी वहीत लिहा आणि मगच मिस्त्रीकडे जा. 'संगणकच बदलावा लागेल' असे कोणी म्हटले, तर कोणत्या कोडवरून म्हणता, हे विनासंकोच विचारा. दुरुस्ती न करता नुसता कोड पुसला, तर दिवा परत लागतो.

'पिकअप वाढवून देतो' म्हणत संगणकाचे ट्यूनिंग बदलणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. मायलेज घटू शकते, पीयूसीत गाडी अडकू शकते, वॉरंटीही जाऊ शकते. एअर फिल्टर साफ, प्लग चांगला आणि चाकांत हवा बरोबर, हेच आपले ट्यूनिंग.

एक खबरदारी मात्र घ्याच. इंजेक्टरकडे जाणारी पेट्रोलची नळी घरी काढू नका. तिच्यात दाब असतो, पेट्रोल जोरात उडते. चूल, दिवा, विडी जवळ असेल तर अनर्थ होईल.

येत्या बैठकीत एक गाडी मधे उभी करा आणि प्रत्येकीने एकदा बॅटरी मोजून बघा. पास-बुकातले आकडे आपण वाचायला शिकलो, तसे गाडीचेही शिकू.