देवाची इच्छा आणि आपला निर्णय

मराठी घरात ‘देवाची इच्छा’ हे शब्द बहुधा काही घडून गेल्यावर उच्चारले जातात. माणूस गेला, पीक बुडाले, ठरलेले लग्न मोडले, की कोणीतरी वडीलधारे हे शब्द बोलते आणि रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवते. ख्रिस्ती घरात हेच शब्द घडण्यापूर्वीही येतात. नोकरी बदलावी का, या स्थळाला होकार द्यावा का, धर्मसेवेत जावे का, असा प्रश्न आला की ‘यात देवाची इच्छा काय?’ असे विचारले जाते. पहिल्या वापरात हे शब्द सांत्वन करतात. दुसऱ्यात ते निर्णयाचे कारण होतात, आणि कारण म्हणून फार वजनदार ठरतात. ‘मला असे वाटते’ म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. ‘देवाने मला सांगितले’ म्हणणाऱ्याशी कसा घालायचा? ख्रिस्ती परंपरेने हा पेच कसा हाताळला आणि आपल्याकडच्या तीन माणसांनी तो कसा जगला, हे येथे पाहायचे आहे.

बायबलात देवाची इच्छा जाणून घेण्याची एकच रीत नाही. शास्त्यांच्या पुस्तकात गिदोन लोकरीवर दव मागून खूण पाहतो, आणि एकदा मिळालेली खूण पुरत नाही म्हणून दुसऱ्यांदा उलटी मागतो. यहूदाची रिकामी जागा भरण्यासाठी प्रेषित चिठ्ठ्या टाकतात आणि मत्थियाचे नाव निघते. पण त्याआधी त्यांनी निकष ठरवलेला असतो: उमेदवार योहानाच्या बाप्तिस्म्याच्या काळापासून येशूबरोबर असला पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांत यानंतर चिठ्ठी पुन्हा दिसत नाही. पंधराव्या अध्यायात यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमांचे ओझे घालावे का, हा त्याहून मोठा प्रश्न येतो. तो सुटतो भरपूर वादविवादानंतर, आणि निर्णय पवित्र आत्म्याचा व आमचा, दोघांचा आहे, असे पत्रात कळवले जाते. म्हणजे चर्चा करणे हा अविश्वास मानलेला नाही.

तरी चिठ्ठीचा मोह सरला नाही. अठराव्या शतकात जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन बंधुसमाज लग्न, प्रवास, मिशनरी कोठे पाठवायचा, अशा बाबतींत चिठ्ठीचा कौल घेत असे. सामान्य सभासदांच्या लग्नांवरचे हे बंधन 1818च्या धर्मसभेने काढले. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली अमेरिकेला जाताना या मंडळींच्या निष्ठेने भारावला होता. जॉर्जियात सोफिया हॉपकी या तरुणीशी लग्न करावे की नाही, हे त्याला ठरवता येईना. 1737च्या मार्चमध्ये त्याने व त्याच्या मित्राने तीन चिठ्ठ्या केल्या: लग्न कर, यंदा विचार नको, आता कधीच विचार नको. तिसरी निघाली. वेस्लीने ती मानली. काही दिवसांतच सोफियाने दुसऱ्याशी लग्न केले. पुढे वेस्लीने तिला प्रभुभोजन नाकारले, प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याला जॉर्जिया सोडावे लागले. चिठ्ठीने प्रश्न मिटवला, मन निवळले नाही. निर्णय आपला नव्हता असे म्हटल्याने त्याचा सल जात नाही, इतके यातून दिसते.

याच्या अगदी उलट वाट येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आखली. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. निवडीच्या तीन वेळा तो सांगतो. कधी शंकेला जागाच उरत नाही. कधी मनाला मिळणारी शांती आणि येणारी उदासी यांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन दिशा कळते. आणि यांपैकी काहीच नसेल तर शांत डोक्याने दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे मांडायचे. अनोळखी माणसाने हाच सल्ला विचारला तर मी काय सांगेन? मरणाच्या वेळी मी कोणती निवड केलेली असावी असे मला वाटेल? निर्णय झाल्यावरही तो देवापुढे ठेवून स्वीकारला जावा अशी प्रार्थना करायची. मन उदास असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही, हाही त्याचा नियम. येथे बुद्धी हेच ईश्वरेच्छेपर्यंत जाण्याचे एक साधन ठरते.

आता आपल्याकडे येऊ. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आता त्या आपल्या शिकवणुकीप्रमाणे चालतील, असे तिथल्या शुभचिंतकांना वाटले. पण त्रैक्याच्या सिद्धान्तापासून क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांपर्यंत रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. धर्मगुरूंनी सांगितले म्हणून ती देवाची आज्ञा, हे समीकरण त्यांनी एकदा मायदेशी नाकारले होते. ते परक्या देशात दुसऱ्या धर्माच्या नावाने स्वीकारण्याची त्यांची तयारी नव्हती. देवाची आज्ञा मानायची, पण ती ओळखण्याचे काम स्वतःच्या विवेकाने करायचे, ही त्यांची भूमिका होती.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात हीच बाई केवळ देवावर भरवसा ठेवून शेकडो स्त्रियांचा संसार चालवू लागली. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व विधवा आणल्या. तेव्हा पुरेसा पैसा हाताशी नव्हता. मात्र या भरवशाच्या शेजारी विहिरी होत्या, शेती होती, छापखाना होता, मुलींना शिकवायचे उद्योग होते. प्रार्थनेमुळे विहीर खणायचे काम कोणाचे वाचले नाही.

नारायण वामन टिळकांची गोष्ट वेगळी. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियनाने दिलेले बायबल, त्यानंतरचा अभ्यास आणि तळमळ, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा. टिळकांच्या मनात हे पाचारण होते. पण या निर्णयाची किंमत केवळ त्यांनी चुकवली नाही. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. नवरा हयात असून संसार मोडलेला, आणि त्यात त्यांना कोणी काही विचारलेले नव्हते. पुढे त्या टिळकांकडे परतल्या तरी बराच काळ आपले सोवळे सांभाळून राहिल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, माणसाने केला असे त्यांना पटले, आणि मग त्यांनी सोवळे सोडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. टिळकांचे पाचारण त्यांनी उसने घेतले नाही. त्यांना स्वतःचे सापडेपर्यंत पाचएक वर्षे लागली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते, पण त्या हसण्याखाली ही वर्षे आहेत.

म्हणून ‘देवाची इच्छा’ हे शब्द निर्णयाचे कारण म्हणून आले की मी दोन गोष्टी पाहतो. एक, या शब्दांनी प्रश्न विचारायला जागा ठेवली आहे की दार लावून घेतले आहे? दुसरी, या आज्ञापालनाची किंमत कोण देणार आहे, आणि त्या माणसाला कोणी विचारले आहे का? पती, वडील किंवा धर्मगुरू स्वतःच्या इच्छेला देवाचे नाव देतो तेव्हा बहुधा दोन्ही उत्तरे लपवलेली असतात.

यावर श्रद्धावान वाचक विचारेल, इतके तपासायचे तर भरवसा कोठे राहिला? मला वाटते, भरवशाची जागा आपण चुकीची धरतो. आपण देवाचे बरोबर ऐकले, असा तो भरवसा नसतो. आपण चुकीचे ऐकले तरी तो आपल्याला सोडणार नाही, असा असतो. गेथशेमाने बागेत येशू आधी स्वतःची इच्छा उघड बोलतो, हा प्याला टळावा असे मागतो, आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवतो. स्वतःची इच्छा न लपवता सांगणे हा त्या प्रार्थनेचा पहिला भाग आहे, आणि आपण नेमका तोच गाळतो.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. दोन वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते गेले. दरबार फार टिकला नाही, ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे लिहायला बसल्या लक्ष्मीबाई, ज्यांचे लेखन-वाचन लग्नानंतर सुरू झाले होते. टिळकांना पाचारण झाले तेव्हा हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि लक्ष्मीबाईंनाही.