ऑपरेशन टेबलावरची थंडी

भूल दिली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि पोटा-छातीतली ऊब हातापायांकडे वाहू लागते. पहिल्या तासातच तापमान १ ते १.५ अंश सेल्सिअसने उतरू शकते.

● धोक्याची पातळी : ३६ अंशांच्या खाली.

● परिणाम : जास्त रक्तस्राव, शुद्धीवर येताना हुडहुडी, जखमेत जंतुसंसर्ग. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरील १९९६च्या अभ्यासात गार पडलेल्यांपैकी १९ टक्के, तर उबदार ठेवलेल्यांपैकी ६ टक्के जणांना असा संसर्ग झाला.

● उपाय : नळीतून गरम हवा भरलेले पातळ पांघरूण, कोमट सलाईन. गरम पाण्याची पिशवी मात्र नको; भुलेत चटका कळत नाही.

● रुग्णासाठी : थंडी वाजत असल्यास सिस्टरना लगेच सांगा.