जुन्या बसगाड्या : पेठ वडगावच्या कारागिरांसाठी नवे काम

१ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली एस.टी. धावली. मुंबईत १९३७ साली आलेल्या डबलडेकरपैकी शेवटची डिझेल गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. 'बेस्ट'ने आणिक आगारात संग्रहालय उभारले आहे. जुनी गाडी जपायची म्हणजे मात्र फिटर, सुतार, पत्रेवाला आणि कुशनवाला हवाच. हे हुन्नर आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या आहेत.

असे काम घेताना आधी आराखडा करावा. प्रथम फोटो व मापे घ्यावीत, काढलेल्या प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा. नंतर चासी, ब्रेक व वायरिंग, मग लाकडी चौकट आणि पत्रा. कुशन व रंग शेवटी. घाईने आधी रंग दिला, तर पत्रा पुन्हा उघडताना खर्च दुप्पट होतो. बाजारात न मिळणारे सुटे भाग नमुन्यावरून ओतून देणाऱ्या फौंड्री शिरोली एम.आय.डी.सी.त जवळच आहेत.

पत्रा उघडल्यावरच आतला गंज दिसतो. म्हणून वाढीव कामाचा दर करारात आधीच लिहावा, पैसे टप्प्याटप्प्याने घ्यावेत.

उभी गाडीही बिघडते. टायर बसतात, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. त्यामुळे वार्षिक देखभालीचा करार हीच कायमची रोजी. मात्र लाकडी बॉडीचे उस्ताद आता थकले आहेत. तरुणांनी त्यांच्या हाताखाली आजच बसावे; उद्या शिकवायला कोणी उरणार नाही.