या बेटासाठी सरकारनं वेगळी नाणी पाडली होती... फिलिपिन्सच्या कुलिऑन गावाची गोष्ट

जुनी नाणी जमवणाऱ्यांमध्ये एका नाण्याची कायम चर्चा असते. ॲल्युमिनियमचं, वजनाला अगदी हलकं. त्यावर इंग्रजीत लिहिलंय, 'कुलिऑन लेपर कॉलनी, फिलिपाइन आयलंड्स'. अशी नाणी पहिल्यांदा पाडली गेली १९१३ साली. पण ती फिलिपिन्सच्या बाजारात कुठंच चालायची नाहीत. चालायची ती फक्त एका बेटावर.

कारण त्या बेटावर कुष्ठरुग्णांना ठेवलं होतं आणि त्यांच्या हातातला पैसा निरोगी माणसाच्या हातात जाऊ नये, असं सरकारला वाटत होतं.

आज त्याच बेटावर शाळा आहेत, बाजार आहे, निवडून आलेला मेयर आहे. 'जिथून कुणी परत येत नाही' अशी ओळख असलेल्या बेटाचं चारचौघांसारखं गाव कसं झालं, तेच समजून घेऊ.

कुलिऑन नेमकं आहे कुठं?

फिलिपिन्स म्हणजे साडेसात हजारांहून जास्त बेटांचा देश. त्यातला पलावान हा प्रांत देशाच्या पश्चिमेला लांबलचक पट्टीसारखा पसरलाय. या प्रांताच्या उत्तर टोकाला कालामियान नावाचा बेटांचा समूह आहे. बुसुआंगा, कोरॉन आणि कुलिऑन ही त्यातली मोठी बेटं. राजधानी मनिलापासून हा भाग नैर्ऋत्येला साधारण तीनशे किलोमीटरवर येतो.

कोरॉन हे नाव तुम्ही रीलमध्ये ऐकलं असेल. निळंशार पाणी, चुनखडीचे उभे कडे आणि समुद्रतळाशी बुडालेली जपानी जहाजं, यासाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. कुलिऑन त्याच्या अगदी शेजारी. डोंगराळ जमीन, किनाऱ्याला खारफुटी, पाण्याखाली प्रवाळ. इथले मूळ रहिवासी म्हणजे तागबानुआ ही आदिवासी जमात.

कारभाराच्या भाषेत कुलिऑन ही एक 'म्युनिसिपालिटी' आहे. फिलिपिन्समध्ये प्रांताच्या खाली शहर किंवा म्युनिसिपालिटी येते आणि तिच्या खाली 'बरांगाय', म्हणजे गावपातळीचं सगळ्यात छोटं एकक. कुलिऑनमध्ये असे १४ बरांगाय आहेत आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या आहे साधारण २३ हजार. आपल्याकडच्या मोठ्या बाजारपेठेच्या गावाएवढी.

अमेरिकेला हेच बेट का हवं होतं?

तीनशेहून जास्त वर्षं फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य होतं. त्या काळात कुलिऑनवर एक किल्ला आणि चर्च होतं. १८९८ मध्ये स्पेन अमेरिकेकडून युद्ध हरला आणि पॅरिसच्या तहात दोन कोटी डॉलर्सच्या बदल्यात फिलिपिन्स अमेरिकेकडे आलं.

नव्या सरकारनं सार्वजनिक आरोग्याचं काम जोरात हाती घेतलं. पटकी, देवी, प्लेग असे साथीचे रोग होतेच. पण कुष्ठरोगाची भीती सगळ्यात जास्त होती. नॉर्वेच्या गेऱ्हार्ड हान्सन यांनी १८७३ मध्येच या रोगाचा जिवाणू शोधून काढला होता. हा रोग शाप नाही, पाप नाही आणि आनुवंशिकही नाही, तो जिवाणूमुळे होतो, हे कळलं होतं. पण त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. मग उपाय काय? तर रुग्णांना सगळ्यांपासून तोडायचं. हवाई बेटांमधल्या मोलोकाईवर हे आधीच सुरू होतं.

त्यासाठी बेट शोधायला सुरुवात झाली. निकष असे की बेट लांब हवं, जहाज थांबायला चांगली खाडी हवी, गोडं पाणी आणि शेतीला जमीन हवी आणि वस्ती कमी हवी. कुलिऑन या सगळ्यात बसलं. १९०४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. तिथं आधीपासून राहणाऱ्या कुटुंबांना दुसरीकडे हलवण्यात आलं.

२७ मे १९०६ रोजी पहिले ३७० रुग्ण कुलिऑनच्या किनाऱ्यावर उतरले. ते सगळे सेबू बेटावरून आणलेले होते. त्यांची शुश्रूषा करायला काही ख्रिस्ती धर्मभगिनी आणि जेझुईट पाद्री सोबत होते.

कायदा आला आणि घरातून माणसं उचलायला सुरुवात झाली

१९०७ मध्ये 'ॲक्ट १७११' हा कायदा झाला. या कायद्यानं आरोग्य संचालकाला अधिकार दिला की कुष्ठरोगाचा संशय असलेल्या कुणालाही ताब्यात घ्या, तपासा आणि रोग निघाला तर वेगळं ठेवा. स्थानिक पोलिसांनी त्यात मदत करायची. तेव्हाचे आरोग्य संचालक होते डॉ. व्हिक्टर हायझर.

याचा घरात काय अर्थ झाला असेल, बघा. आई एका बेटावर, मूल दुसऱ्या बेटावर. शेजाऱ्यानं कळवलं की अधिकारी दारात. त्यामुळे कित्येक जण रोग लपवून ठेवायला लागले. पुढची काही वर्षं गावोगावचे रुग्ण जहाजानं कुलिऑनला येत राहिले. १९१० पर्यंत आणलेल्यांचा आकडा पाच हजारांच्या पुढं गेला. १९३० च्या दशकात तिथं एकाच वेळी सुमारे सात हजार रुग्ण राहत होते. कुलिऑन ही जगातली सगळ्यात मोठी कुष्ठवसाहत मानली जायची.

बेटाच्या आत दोन जगं

वसाहतीचे सरळ दोन भाग होते. एका बाजूला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला, बलाला नावाच्या भागात, डॉक्टर आणि कर्मचारी. मध्ये फाटक आणि पहारा.

सुरुवातीला सांगितलेली नाणी याच व्यवस्थेचा भाग होती. अर्ध्या सेंताव्होपासून एक पेसोपर्यंतची नाणी फक्त कुलिऑनसाठी पाडली जायची. गंमत म्हणजे जंतुनाशकात बुडवल्यावर ॲल्युमिनियम गंजायचं, म्हणून पुढं धातू बदलावा लागला. नाणी पाडणं चाललं १९३० पर्यंत. मुळात हा रोग नाण्यानं पसरतच नाही. रुग्णाच्या दीर्घकाळच्या जवळच्या सहवासातून तो होऊ शकतो आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याच्याशी लढायची ताकद आधीपासूनच असते.

पण खरा घाव बसला तो कुटुंबावर. वसाहतीत माणसं एकमेकांच्या प्रेमात पडत होती, मुलं होत होती. मुलांना लागण होऊ नये म्हणून बाळ साधारण सहा महिन्यांचं झालं की आईपासून काढून बलालाच्या पाळणाघरात ठेवलं जायचं. पुढं त्यातल्या काहींना मनिलाला पाठवलं जायचं. यावर प्रशासनाचा उपाय होता लग्नालाच बंदी. ती कधी लागू व्हायची, कधी सैल व्हायची. १९३२ मध्ये याच मुद्द्यावर पुरुष रुग्णांनी बंड केलं. माणसाला कोंडून ठेवता येतं, पण त्याचा संसार थांबवता येत नाही, हे प्रशासनाला तेव्हा कळलं.

तरीही लोक जगत होते. शाळा होती, नाटकगृह होतं, बँड होता. मासेमारी आणि शेती चालायची. वसाहतीचे पोलीसही रुग्णांमधलेच.

प्रयोगशाळा बनलेलं बेट

१९२१ मध्ये लेनर्ड वूड फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल झाले आणि त्यांनी कुलिऑनसाठी पैसा, डॉक्टर आणि औषधं वाढवली. तेव्हाचं मुख्य औषध होतं चौलमुग्रा तेल. हे तेल भारत-ब्रह्मदेशाकडच्या झाडांच्या बियांतून निघतं. आपल्या सह्याद्रीत सापडणारं कडू कवठ त्याच जातकुळीतलं. हे तेल पोटात घेतलं की मळमळायचं आणि टोचून घेतलं की भयंकर दुखायचं. काहींना थोडा गुण यायचा, पण रोग मुळापासून जायचा नाही.

याच काळात डॉ. हर्बर्ट विंडसर वेड कुलिऑनला आले आणि आयुष्यभर तिथंच राहिले. १९३१ मध्ये मनिलाच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग संघटना स्थापन झाली. तिची संशोधन पत्रिका १९३३ मध्ये सुरू झाली आणि वेड तिचे संपादक झाले. म्हणजे ज्या बेटाला जग घाबरत होतं, तिथूनच जगाला या रोगाबद्दलचं ज्ञान मिळत होतं. फक्त त्या ज्ञानाची किंमत मोजणाऱ्या रुग्णांना 'तुम्हाला इथं राहायचंय का?' असं कुणी विचारलं नव्हतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं फिलिपिन्सवर हल्ला केला आणि कुलिऑनला येणारी अन्नाची, औषधांची जहाजं थांबली. बेट बाहेरच्या पुरवठ्यावर जगत होतं. उपासमार आणि आजारानं मोठ्या संख्येनं लोक गेले.

औषध मिळालं, फाटक उघडलं. मग लोक घरी गेले का?

१९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधं आली आणि पहिल्यांदाच कुष्ठरोग खरोखर आटोक्यात येऊ लागला. १९५२ मध्ये कायदा सैल झाला आणि १९६४ च्या 'रिपब्लिक ॲक्ट ४०७३' नं सक्तीचं विलगीकरण जवळपास संपलं. १९८० च्या दशकात बहुऔषधी उपचार आले. हे उपचार सुरू झाले की रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका थोड्याच काळात संपतो.

म्हणजे साठ वर्षं माणसं कोंडून जे साधलं नाही, ते गोळ्यांनी केलं.

आता प्रश्न होता परत जाण्याचा. पण कुठं जाणार? कित्येकांच्या घरच्यांनी नातं तोडलं होतं. गावात गेलं तर हाताची वाकडी बोटं बघून लोक दार लावून घ्यायचे. आणि ज्यांचा जन्मच कुलिऑनचा, त्यांच्यासाठी गाव म्हणजे कुलिऑनच. त्यामुळे बरे झालेले हजारो जण आणि त्यांची मुलंबाळं तिथंच राहिली. कामाच्या शोधात बाहेरूनही लोक येऊन वसले.

१९९२ : गावाला गाव म्हणवून घ्यायचा हक्क

इथं एक वेगळाच पेच होता. कुलिऑन कागदोपत्री गाव नव्हतंच. ते आरोग्य खात्याच्या ताब्यातलं राखीव क्षेत्र होतं. साहजिकच मेयर नाही, नगर परिषद नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घराखालची जमीन आपली नाही. बाकी देश मतदान करून आपला कारभारी निवडत होता आणि इथला कारभार दवाखाना बघत होता.

१९ फेब्रुवारी १९९२ रोजी 'रिपब्लिक ॲक्ट ७१९३' नं कुलिऑनला म्युनिसिपालिटीचा दर्जा मिळाला. १९९५ मध्ये लोकांनी पहिल्यांदा स्वतःचा मेयर निवडला. २००१ मध्ये आणखी एक कायदा करून म्युनिसिपालिटीची हद्द वाढवली गेली. २००६ मध्ये, पहिलं जहाज लागल्याला शंभर वर्षं होत असताना, कुलिऑनमध्ये कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जाहीर झालं.

आज काय आहे?

जुना दवाखाना आता सगळ्या आजारांवर उपचार करणारं रुग्णालय आहे. आसपासच्या बेटांवरून, म्हणजे ज्यांचे आजी-आजोबा कुलिऑनचं नाव काढायला घाबरायचे त्या भागांतून, लोक उपचारासाठी इथं येतात. तिथल्या डॉक्टरांपैकी आर्तुरो कुनानन हे स्वतः कुष्ठरुग्णांचे वंशज. त्यांनी या रुग्णालयाचं नेतृत्व केलं आणि वसाहतीची कागदपत्रं जपायला पुढाकार घेतला.

किल्ल्याच्या जागी उभं असलेलं लाल रंगाचं चर्च आणि रुग्णांनी डोंगरउतारावर दगडांनी साकारलेला आरोग्य खात्याचा गरुड बघायला पर्यटक येतात. २०१९ मध्ये 'कुलिऑन' नावाचा फिलिपिनो सिनेमाही आला.

सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र संग्रहालय. तिथं रुग्णांच्या नोंदी, फोटो, उपकरणं आणि ती नाणी ठेवलीत. २०१८ मध्ये युनेस्कोनं इथल्या दस्तऐवजांचा समावेश आशिया-पॅसिफिकच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत केला. हा इतिहास पुसून टाकून फक्त समुद्रकिनाऱ्याची जाहिरात करणं गावाला सोपं होतं. पण आपल्या माणसांना इथं का आणलं गेलं आणि ती इथं कशी जगली, हे पुढच्यांना कळावं म्हणून कुलिऑनकरांनी ते कागद फेकून दिले नाहीत.