वाहनांतील आगीचे अन्वेषण
मोटारगाडी, बस, मालमोटार इ. वाहनांना लागलेली आग कोठे व कशामुळे सुरू झाली, हे अवशेषांच्या शास्त्रीय परीक्षणाने ठरविण्याचे कार्य. विमा-दाव्याचा निर्णय, गुन्ह्याचा तपास आणि वाहनरचनेतील दोषांचे निवारण यांकरिता ते आवश्यक असते.

कारणे : प्रथम कोणता पदार्थ पेटला, त्यास उष्णता कोठून मिळाली व ही दोन्ही कशामुळे एकत्र आली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज कारण निश्चित झाले असे मानीत नाहीत. पेट्रोलाची वाफ सु. −४०° से. तापमानासही ठिणगीने पेटू शकते; परंतु केवळ तप्त पृष्ठभागाच्या स्पर्शाने पेटण्याच्या बाबतीत डीझेल व वंगण तेल अधिक धोक्याची असतात. त्यामुळे एंजिनाच्या निष्कास नळीवर गळणारे तेल हे आगीचे एक महत्त्वाचे कारण ठरते. तारांचे आवरण घासले जाणे, जोडणी सैल असणे, योग्य वितळतार न वापरता उपसाधने जोडणे ही विद्युत् कारणे होत.

पद्धती : वाहन शक्यतो जागेवरून न हलविता त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात. कमी जळालेल्या भागाकडून अधिक जळालेल्या भागाकडे परीक्षण करीत एंजिनकक्ष, प्रवासीकक्ष व सामानकक्ष यांपैकी उगम कोठे झाला हे ठरवितात. ज्वालाग्राही द्रवाचा संशय असल्यास हवाबंद डब्यांत घेतलेल्या नमुन्यांची न्यायसहायक प्रयोगशाळेत वायुवर्णलेखनाने तपासणी करतात.

अनुमानातील दोष : सर्वाधिक जळालेली जागा हीच उगमस्थान असते असे नाही, तेथे इंधन वा प्लॅस्टिक अधिक असू शकते. ॲल्युमिनियम सु. ६६०° से. तापमानास वितळत असल्याने ते वितळलेले आढळणे हा पेट्रोल ओतल्याचा पुरावा नव्हे. तारांवरील तांब्याचे मणी विद्युत् प्रज्योत निर्माण झाल्याचे दर्शवितात. पण आगीने आवरण जळाल्यावरही ती निर्माण होते. अपघाती कारण सापडले नाही, एवढ्यावरून आग लावली गेली असा निष्कर्ष काढणेही अशास्त्रीय होय. त्यामुळे निरपराध व्यक्तीवर दोष येऊ शकतो. १० ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील लूटन विमानतळाच्या वाहनतळास लागलेल्या आगीचे खापर लोकप्रवादाने विद्युत् मोटारीवर फोडले होते. प्रत्यक्षात ती डीझेलवरील मोटारीत सुरू झाल्याचे अग्निशमन दलाने स्पष्ट केले.

विद्युत् वाहने : लिथियम-आयन घटमालेतील एखाद्या घटात आघात, अतिभारण वा अंतर्गत दोष यांमुळे निर्माण झालेली उष्णता शेजारच्या घटांत पसरते. विझलेली घटमाला काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकत असल्याने असे अवशेष वेगळे ठेवतात. भारतात २०२२ मध्ये विद्युत् दुचाकींना लागलेल्या आगींनंतर घटमालांच्या सुरक्षा-कसोट्या कडक करण्यात आल्या.

१ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खाजगी बस उलटून पेटल्याने २५ जण मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांत आगीच्या उगमाइतकेच दरवाजे व संकटकालीन निर्गममार्ग यांचे परीक्षणही महत्त्वाचे असते.